लेकीला शिक्षिका व्हायचंय: चार वर्षांची एकात्मिक पदवी की आधी बी.एस्सी., मग बी.एड.?

मये_तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण गेले पंधरा दिवस घरात जेवताना दुसरा विषय नाही.

लेक यंदा बारावी विज्ञान झाली. मार्क चांगले आहेत, पण डॉक्टर-इंजिनियरच्या वाटेला जायचं नाही हे तिने दहावीतच सांगून टाकलंय. तिला बाई व्हायचंय. बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळणाऱ्या मुली पुष्कळ असतात. ही शेजारची खरीखुरी पोरं गोळा करून सोप्यावर बसवायची आणि कोळशाने भिंतीवर बाराखडी काढायची. ती भिंत आम्ही दोनदा रंगवलीय.

ह्यांचं म्हणणं असं की आधी गोवा विद्यापीठाची साधी बी.एस्सी. करावी, मग बी.एड. मन बदललं तरी पदवी हातात राहते. नणंद म्हणते, चार वर्षांची एकात्मिक पदवी घ्या, पाचाची चार वर्षं होतात. शेजारी सांगतात, बी.एड. कुठूनही करा, सगळं सारखंच. आणि लेक म्हणते, मला तिसरी-चौथीची मुलं हवीत.

मी गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकले, पुढे बी.कॉम. केलं. या क्षेत्रातलं मला काही कळत नाही. चुकीच्या वाटेवर तिची चार वर्षं जाऊ नयेत, एवढंच वाटतं. अनुभवातून सांगा.

फोंड्याचा_गणितमास्तर

ताई, पदवी कुठली हे नंतर बघू. आधी मुलीला कुठल्या इयत्तेसमोर उभं राहायचंय ते ठरवा, कारण आता नियमच तसे आहेत.

११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला बी.एड. ही पात्रता चालणार नाही. २०१८ मध्ये एनसीटीईने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, अधिसूचना काढून बी.एड.वाल्यांना प्राथमिकचं दार उघडलं होतं, ते या निकालाने बंद झालं. अनेकांना याचा राग आहे, मला नाही. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अक्षर ओळखायला शिकवणं हे वेगळं कसब आहे. मी अकरा वर्षं हायस्कूलला गणित शिकवतोय, पण मला उद्या पहिलीच्या वर्गात सोडलं तर मुलांचं नुकसान होईल.

तेव्हा तुमच्या लेकीला खरंच तिसरी-चौथी हवी असेल, तर तुमच्या यजमानांची वाट आणि शेजाऱ्यांची वाट, दोन्ही तिथे पोचत नाहीत. त्या इयत्तांसाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांचा पदविका अभ्यासक्रम) आहे. आपल्याकडे पर्वरीला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. पदवीच हवी असेल तर नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला चार वर्षांचा आयटेप (एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम) बघा, नणंदबाई म्हणतात ती एकात्मिक पदवी. त्यात पायाभूत, पूर्वतयारी, मध्यम आणि माध्यमिक असे टप्पे आहेत आणि पूर्वतयारीचा टप्पा म्हणजे तिसरी ते पाचवी. लेकीच्या मनातलं नेमकं तेच. त्याचे प्रवेश एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या एनसीईटी या प्रवेश परीक्षेतून होतात. मुदत दरवर्षी पुढेमागे होते, म्हणून संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

बी.एड.ने सहावी ते दहावी मिळते. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवीही लागते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. कायद्याच्या हिशेबात प्राथमिक म्हणजे पाचवीपर्यंत, पण गोव्यातली सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल हायस्कूलमध्ये जातं आणि त्याच दिवशी माध्यम मराठी-कोकणीवरून इंग्रजी होतं. हा उंबरठा मुलाला फार उंच पडतो. तुमची लेक उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहणार की पलीकडे, हे तिने ठरवावं.

साखळी_बाजार

सरांना दुजोरा, पण एक शंका. आधी बी.एड. करायचं आणि मग सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून प्राथमिकला जायचं, असं नाही का होत? माझ्या मावसबहिणीला कोणीतरी तसं सांगितलंय.

फोंड्याचा_गणितमास्तर

नाही. तो ब्रिज कोर्स निकालाच्या आधी नेमणूक झालेल्यांसाठी आहे. नव्याने येणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. बहिणीला आजच फोन करा.

पेडण्याची_पावलां

मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आंतरवासिता (शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) चालू आहे. ताई, तुमच्या लेकीला हे आधीच कळावं म्हणून लिहिते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्याआधी एका वर्षात उरकायचं. वाढलेल्या वेळाचा मोठा भाग शाळेत जातो. एकूण २० आठवडे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गमैत्रिणी. प्रश्न विचारण्याचं कौशल्य, फलकलेखन, उदाहरणं देणं, एकेक सुटं घ्यायचं. मैत्रिणी शहाण्यासारखी उत्तरं देतात, निरीक्षक बाई मान डोलावतात, आपल्याला वाटतं जमलं.

मग मला सहावीचा मराठीचा वर्ग मिळाला. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, मी रात्री दोन वाजेपर्यंत काढलं होतं. विषयप्रवेशात पहिला प्रश्न: ओढा म्हणजे काय? शेजारच्या रकान्यात अपेक्षित उत्तर: लहान नदी. प्रश्न विचारला. वर्ग गप्प. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढल्यासारखं करून म्हणाला, "ओढा, टीचर." कोणी हसलं नाही. बाकीच्यांनाही तेच वाटत होतं. घरी कोकणी, टीव्हीवर हिंदी, बाकी सगळे विषय इंग्रजीत. त्या मुलाने 'ओढा' हा शब्द एवढ्याच अर्थाने ऐकला होता, आणि तो अर्थ चुकीचाही नव्हता.

माझ्या टाचणात पुढची ओळ नव्हती. शाळेच्या मागून पाणी वाहतं, त्याचा आवाज वर्गात येतो. मी खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "तें कितें?" सगळा वर्ग एका दमात ओरडला, "व्हाळ!" फळ्यावर 'व्हाळ' लिहिलं, शेजारी 'ओढा' लिहिलं, मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं. मग त्यांनी व्हाळाबद्दल इतकं सांगितलं की ३५ मिनिटं संपली. कुर्ल्या कुठल्या दगडाखाली मिळतात इथपर्यंत. निरीक्षण वहीत शेरा आला: विषयप्रवेशात वेळ गेला, मूल्यमापन राहिले.

शेरा बरोबर होता. पण शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी नंतर जवळ बोलावून सांगितलं, "उद्याचा पाठ व्हाळापासूनच सुरू कर." मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या निकट विकास क्षेत्रावर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते. मुलाला जे येतं तिथून एक पायरी वर, तीही कोणाचा तरी हात धरून. तो मजकूर पाठ होता, अर्थ त्या खिडकीपाशी लागला.

म्हणून सांगते, महाविद्यालय निवडताना इमारत बघू नका. आंतरवासितेला कुठल्या शाळांत पाठवतात, तिथे मुलींना खरे तास देतात का आणि पाठानंतर त्यांच्याशी कोण किती वेळ बोलतं, एवढं सीनियर मुलींना विचारा.

मांडवी_पलीकडे

माझी गोष्ट वेगळी आहे. ती सांगायला लाज वाटते, पण शेजारी म्हणतात ना 'बी.एड. कुठूनही करा', त्यांच्यासाठी सांगतो.

नोकरी करता करता बी.एड. करावं म्हणून मी परराज्यातल्या एका संस्थेत प्रवेश घेतला. 'कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं त्यांनी सांगितलं होतं. पैसे भरले. टाचणाच्या तयार वह्या मिळाल्या, दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात. मी त्या नुसत्या उतरवून काढल्या. नियमाने अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते, हे मला फार उशिरा कळलं. माझी प्रत्यक्ष उपस्थिती शून्य होती. पुढे एका शाळेत मुलाखतीबरोबर नमुना पाठ घ्यायला सांगितलं. विषय सोपा होता, आठवीचा. मी फळ्याकडे तोंड करून वीस मिनिटं बोललो. वळून बघितलं तेव्हा मागच्या दोन रांगांतली मुलं आपापसात बोलत होती, आणि त्यांना पुन्हा माझ्याकडे कसं आणायचं हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी ते प्रमाणपत्र कपाटात ठेवलं आणि दोन वर्षांनी इथे रीतसर प्रवेश घेऊन पुन्हा पहिल्यापासून बी.एड. केलं.

एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, गोवा त्यांच्या पश्चिम विभागात येतो. संस्थेबरोबर अभ्यासक्रमाचंही नाव बघा. एका अभ्यासक्रमाला मान्यता असली म्हणजे दुसऱ्याला असेलच असं नाही.

मये_तळ्याकाठी

दादा, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, तुमचे मनापासून आभार. हे मी शेजाऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

बोरी_पुलावरून

मला एकात्मिक पदवीबद्दल वेगळं वाटतं. सतराव्या वर्षी चार वर्षांची गाठ मारून घेऊ नये. विषयाचा पायाही थोडा पातळ राहतो असं माझं मत आहे. तीन वर्षं भौतिकशास्त्रात मुरलेला मुलगा नववीच्या वर्गातल्या आडव्या प्रश्नाला ज्या आत्मविश्वासाने भिडतो, तो विषय आणि अध्यापनशास्त्र एकाच ताटात वाढलं की येत नाही.

फोंड्याचा_गणितमास्तर

पातळपणाबद्दल अर्धा सहमत. पण ही कल्पना काही काल निघालेली नाही. शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटीच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांमध्ये चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम साठच्या दशकापासून चालत आलाय. गोवा त्यातल्या भोपाळच्या संस्थेच्या कक्षेत येतो. तिथून शिकून आलेल्या एका बाईंच्या हाताखाली मी काम केलंय. त्या विषयात कुठे कमी पडल्या नाहीत. उलट पहिल्या वर्षापासून मुलांकडे बघायची सवय लागलेली असल्यामुळे कुठलं मूल कुठे अडकलंय हे त्यांना आमच्या आधी दिसायचं. ज्याचं मन ठरलेलं आहे त्याला ही चार वर्षं सोन्यासारखी आहेत. ज्याचं नाही, त्याने तुम्ही म्हणता तसं करावं.

सत्तरीचे_गुरुजी

उशिरा वाचलं. मी सरकारी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो, सगळी नोकरी सत्तरी तालुक्यात. मुलीला तिसरी-चौथी हवी हे वाचून जीव सुखावला. हुशार मुलं प्राथमिककडे वळत नाहीत, हायस्कूलची नोकरी मोठी मानतात. मला हे आयुष्यभर खुपत आलंय.

गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावागावांत प्राथमिक शाळा निघाल्या. माझ्या घरात शाळेत गेलेला पहिला मुलगा मी. पायवाटेने चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा आली, म्हणूनच हे झालं. आता त्यांतल्या कित्येक शाळांत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि एकाच शिक्षकाकडे दोन-दोन, कधी चारही वर्ग. मुलीला हे आधी माहीत असू दे. एका खोलीत पहिली आणि तिसरी बसते तेव्हा ३५ मिनिटांचं टाचण तिथे चालत नाही. तिथे दोन पाठ एकमेकांत विणावे लागतात. मी काय करायचो? मार्च-एप्रिलात पोरं खिशातून काजूच्या बिया आणायचीच. पहिलीला दहा-दहाचे ढीग करायला बसवायचं आणि तेवढ्या वेळात तिसरीचा नवा धडा वाचून घ्यायचा. मग तिसरीला लिहायला लावून पहिलीचे ढीग मोजायला जायचं. तिसरीतलं जरा पुढे गेलेलं पोर कधी पहिलीच्या ढिगाशी बसवायचं. शिकवताना त्याचंही पक्कं होतं.

भाषेचं त्या पेडण्याच्या मुलीने फार बरोबर लिहिलंय. माझ्याकडे शेवटच्या वर्षांत कामासाठी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलं होती. घरी कन्नड, अंगणात कोकणी, पुस्तकात मराठी. त्यातली एक मुलगी पहिले तीन महिने एक शब्द बोलली नाही. मी तिच्यावर बोलायची सक्ती केली नाही. रोज हजेरी घेताना तिच्याकडे बघून थांबायचो आणि तिने मान हलवली की पुढे जायचो. चतुर्थीनंतर शाळा उघडली तेव्हा मी मुलांना आपापल्या घरच्या माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला) काय काय बांधलं होतं ते विचारत होतो. ती उठली, फळ्यापाशी आली आणि नारळाचं चित्र काढून कन्नडमध्ये त्याचं नाव सांगितलं. मग सगळा वर्ग तिच्याकडून नावं शिकला. फणस, केळी, सुपारी. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

पदवीची तयारी म्हणून मुलीला आतापासून दोन गोष्टी करायला सांगा. घरी प्लायवूडच्या तुकड्याला काळा रंग देऊन त्यावर खडूने लिहायचा सराव करू दे, उभं राहून, ओळ सरळ ठेवून. आणि मुलांना रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवू दे. पुस्तकांसाठी पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. ते १८३२ पासूनचं आहे, तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. तिला एकदा तिथे दिवसभर सोडा.

म्हापशाचा_शुक्रवार

नोकरीच्या कागदांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. पहिली ते आठवीसाठी पदवी-पदविकेबरोबर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागतेच. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण, आरक्षित प्रवर्गांना सवलत असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, आता कायमचं. केंद्राच्या टीईटीत, म्हणजे सीटेटमध्ये, मराठी भाषा घेता येते. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी लावलीय. तेव्हा ती टाळता येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सरकारी जागेला १५ वर्षं वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठी असेल तर उत्तम. सुरुवातीला बऱ्याच जणांना तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) काढावं लागतं, घरच्यांनी तेवढा धीर धरावा.

बोरी_पुलावरून

हायस्कूलकडे वळणार असेल तर इंग्रजीचंही बघा ताई. मराठी शाळेतून आलेल्या माझ्या मैत्रिणीला विज्ञानाचे सराव पाठ इंग्रजीतून घ्यायचे होते. पहिला महिना ती रोज रडत घरी गेली. मग आरशासमोर पाठ म्हणायला लागली आणि दिवाळीपर्यंत सावरली. हे आधी माहीत असतं तर एवढा त्रास झाला नसता.

मये_तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. धागा लेकीला दिला, तिने दोनदा वाचला. गुरुजींचं ऐकून ह्यांनी प्लायवूड आणलं, काळा रंगही दिला. काल त्यावर पहिला तास झाला, विद्यार्थी शेजारचा चौथीतला मुलगा.

विषय अपूर्णांक. लेकीने लिहिलं: अर्धा, पाव, पाऊण. विचारलं, "पाव म्हणजे केवढा?" तो म्हणाला, "पाव अख्खो आसता." ती म्हणाली, अरे पाव म्हणजे चौथा भाग. त्याने मान हलवली, पण डोळ्यांत काही उतरलं नव्हतं. पोदेर, म्हणजे पाववाला, रोज पाव आणतो, तो अख्खाच असतो. त्याचं काय चुकलं? तिने मिनिटभर विचार केला आणि माझ्याकडून सकाळचा उंडो (गोल पाव) मागून घेतला. त्याचे मधून दोन केले, मग दोनाचे चार. एक तुकडा त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "हा पाव उंडो." त्याने तो तुकडा बघितला, उरलेले तीन बघितले आणि स्वतःहून म्हणाला, "मग ही पाऊण!" उरलेली पाऊणही त्यानेच खाल्ली.

रात्री ती म्हणाली, आई, मला तिसरी ते पाचवीच हवी, आणि पदवीही हवी. तेव्हा आयटेपचा पूर्वतयारी टप्पा ही पहिली निवड आणि पर्वरीचं डाएट दुसरी, असं घरात ठरलंय. ह्यांनीही मान्य केलं. त्या टप्प्याला कोणी प्रत्यक्ष शिकत असेल तर कृपया लिहा: घरापासून लांब राहून शिकताना आंतरवासिता आपल्या गावाजवळच्या शाळेत मागून घेता येते का? तिला ती मराठी शाळेतच करायची आहे.

पेडण्याची_पावलां

ताई, माझी एक मैत्रीण बाहेर एकात्मिकला आहे. तिला आज संध्याकाळी विचारून इथे लिहिते. आणि त्या चौथीतल्या मुलाला पुढच्या वेळी सव्वा विचारा. दोन उंडे लागतील.